सीएचमॉड केलं, तरी फाइल ७७७ च का दाखवते?

पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला किंवा हिंजवडीतल्या पहिल्या नोकरीत हा अनुभव बहुतेकांच्या वाट्याला येतो. लॅपटॉप विंडोजचा, काम मात्र लिनक्स सर्व्हरवरचं. सर्व्हरवर शिरायला एसएसएचची (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉग-इन करायच्या प्रोग्रामची) किल्ली, म्हणजे एक खासगी फाइल, लागते, ती कुणीतरी टीमच्या चॅटवर टाकलेली असते (हे मुळात करूच नये, पण तो वेगळा विषय). किल्ली डाउनलोड्समध्ये येऊन पडते. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उघडून एसएसएच चालवलं की मोठ्ठ्या अक्षरांत इशारा: ही खासगी किल्ली कुणालाही वाचता येईल अशी पडली आहे, मी ती वापरणार नाही. नेटवर शोधलं तर सगळीकडे एकच उपाय, सीएचमॉड ६००, म्हणजे फाइलच्या परवानग्या बदलणारी कमांड. तो टाइप करायचा, एंटर मारायचं. एरर येत नाही. पुन्हा एसएसएच, पुन्हा तोच इशारा. एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) करून पाहावं तर फाइल होती तशी ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा.

मग शेजारच्या खुर्चीकडे हाक जाते, "दादा, हे सीएचमॉड चालतच नाहीये रे." दादा मॉनिटरवरची नजर न हलवता सांगतो, "होममध्ये कॉपी कर आणि मग कर." तसं केलं की चालतं. का चालतं हे विचारायला कुणाला वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ दादांनाही ते ठाऊक नसतं.

कारण समजून घ्यायला दोन वेगवेगळ्या व्यवस्था बघायला लागतात. एक युनिक्सची, एक विंडोजची. आणि त्या दोघींच्या मध्ये उभा असलेला एक थर: सिग्विन, त्यातूनच फुटलेला एमसिस२, त्यावर उभं असलेलं, गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनासोबत येणारं गिट बॅश, किंवा मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूएसएल. युनिक्ससाठी लिहिलेले प्रोग्राम विंडोजवर चालवायचे, हे या थराचं काम. फाइल उघडणं, वाचणं, नाव बदलणं, एवढं बऱ्यापैकी जुळवता येतं. परवानग्यांपाशी गाडी अडते.

वाडा आणि सोसायटी

युनिक्सची पद्धत १९७० च्या दशकातली, बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून घडलेली. प्रत्येक फाइलला एक मालक, एक गट, आणि उरलेले सगळे 'इतर'. या तिघांना प्रत्येकी तीन गोष्टींची मुभा देता येते किंवा नाकारता येते: वाचणं, लिहिणं, चालवणं. तीन त्रिक नऊ बिट्स, की संपलं. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १ अशी बेरीज करून तीन आकडे मिळतात; हाच फाइलचा मोड. ६४४ म्हणजे मालकाला वाचन-लेखन, बाकीच्यांना फक्त वाचन. ६०० म्हणजे मालकाखेरीज कुणालाच काही नाही. जोडीला आणखी तीन खास बिट्स आहेत. त्यातल्या सेटयूआयडी नावाच्या (प्रोग्रामला त्याच्या मालकाच्या हक्कांनी चालू देणाऱ्या) बिटवर डेनिस रिचींच्या नावाने १९७९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं होतं. एका बिटवर पेटंट! असो.

ही व्यवस्था सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यासारखी आहे. मालक, भाडेकरू आणि बाहेरचे, एवढ्या तीनच जाती माणसांच्या. दारावर तीन ओळींची पाटी लावली की नियमावली पूर्ण. विंडोजची व्यवस्था म्हणजे बाणेरची बंद गेटची सोसायटी. तिथे रखवालदाराकडे यादी असते आणि यादीत माणसागणिक नोंद: अमक्याला सोडा, तमक्या फ्लॅटच्या ड्रायव्हरला पार्किंगपर्यंतच सोडा, या एजंटला अजिबात सोडू नका, आणि बी विंगचे जे नियम तेच तिच्यातल्या सगळ्या फ्लॅटना लागू.

विंडोज एनटी १९९३ साली आलं आणि तेव्हापासून त्याची एनटीएफएस फाइल-व्यवस्था ही यादी प्रत्येक फाइलसोबत ठेवते. यादीला म्हणतात एसीएल. तिच्यातली प्रत्येक नोंद एका वापरकर्त्याला किंवा गटाला काहीतरी देते किंवा काहीतरी नाकारते. परवानग्याही तीन नाहीत, डझनाहून जास्त आहेत: मजकूर वाचणं वेगळं, शेवटी भर घालणं वेगळं, खोडणं वेगळं, परवानग्याच बदलण्याची परवानगी वेगळी, मालकी घेण्याची वेगळी. युनिक्समध्ये फाइल खोडता येईल का हे ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरावर ठरतं; विंडोजमध्ये फाइलच्या स्वतःच्या यादीतही त्याची नोंद असू शकते. शिवाय नोंदी वरच्या फोल्डरकडून वारशाने खाली येतात. युनिक्सच्या नऊ बिट्सना वारसा ही गोष्टच माहीत नाही.

इथपर्यंत वाटेल की विंडोजची यादी मोठी, युनिक्सची छोटी; छोटीतलं मोठीत लिहिता येईल, त्यात अवघड काय? अवघड आहे ते वाचण्याच्या रीतीत.

युनिक्स आधी तुम्ही कोण हे ठरवतं आणि मग फक्त तेवढीच ओळ बघतं. तुम्ही मालक असाल तर मालकाची ओळ. तिच्यात मनाई असेल तर 'इतरां'ना मुभा असली तरी तुमच्या उपयोगाची नाही. विंडोज तसं करत नाही. ते यादी वरून खाली वाचत जातं. जी नोंद तुम्हाला किंवा तुमच्या कुठल्याही गटाला लागू होते, ती हिशोबात धरतं. मागितलेल्या सगळ्या परवानग्या जमल्या की तिथेच थांबून दार उघडतं; त्याआधी मनाईची नोंद आडवी आली की तिथेच थांबून दार बंद. म्हणजे कोणत्या नोंदी आहेत याच्याइतकाच महत्त्वाचा आहे त्यांचा क्रम.

एक उदाहरण कागदावर करून बघण्यासारखं आहे. कॉलेजातल्या बाईंनी अंतर्गत गुणांची फाइल ठेवली. विद्यार्थ्यांनी ती बघू नये, पण बाकी कर्मचाऱ्यांना वाचता यावी. युनिक्सवर जुनी युक्ती आहे: फाइलचा गट 'विद्यार्थी' करायचा आणि मोड ६०४ द्यायचा. मालकाला ६, गटाला शून्य, इतरांना ४. विद्यार्थी आला की त्याची ओळ गटाची, तिथे शून्य, विषय संपला.

आता हेच विंडोजच्या यादीत लिहा. बाईंना वाचन-लेखन द्या आणि 'सर्वांना' वाचन द्या. झालं? नाही. विद्यार्थीही 'सर्वां'मध्ये मोडतात, म्हणून त्यांनाही वाचता येतं. मग विद्यार्थी गटाला मनाईची नोंद घाला. पण विंडोजचा शिरस्ता असा की मनाईच्या नोंदी आधी आणि मुभेच्या नंतर. तशा लावल्या आणि बाई स्वतःही त्या गटात असल्या (युनिक्सवर साध्या वापरकर्त्याला फाइलचा गट बदलायचा तर त्या गटाचं सदस्य असावंच लागतं) तर पहिल्याच नोंदीवर बाईंनाच त्यांच्या फाइलमधून बाहेर काढलं जाईल. म्हणून क्रम असा लावावा लागतो: आधी बाईंची मुभा, मग विद्यार्थ्यांना मनाई, मग सर्वांना वाचन. विंडोजचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, हा क्रम बिनतक्रार पाळतो. तक्रार करतो तो एक्स्प्लोरर. गुणधर्मांच्या खिडकीत सुरक्षेचा टॅब उघडला की तो सांगतो, परवानग्यांचा क्रम चुकला आहे, नीट लावू का? त्याला हो म्हणालात की क्रम 'नीट' होतो आणि बाई बाहेर.

नऊ बिट्स मोठ्या यादीत बसवायचे म्हणून केलेली ही कसरत. उलट दिशेची त्याहून वाईट.

यादी पाहून आकडा सांगा

तुमच्या विंडोज लॅपटॉपवरच्या डॉक्युमेंट्स फोल्डरात एक साधी टेक्स्ट फाइल असते. तिच्या यादीत सहसा तीन नोंदी सापडतात: सिस्टम, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स आणि तुम्ही. तिघांनाही पूर्ण ताबा, तिन्ही नोंदी वारशाने आलेल्या. आता युनिक्सचा प्रोग्राम विचारतो, या फाइलचा मोड काय?

मालकाचा आकडा ७, कारण पूर्ण ताब्यात 'चालवणं'ही येतं. म्हणूनच सिग्विनमध्ये साध्या टेक्स्ट फाइलसुद्धा एलएसच्या यादीत हिरव्या, चालवण्याजोग्या दिसतात. इतरांचा आकडा शून्य. मधला आकडा कुठला? फाइलचा म्हणून जो गट नोंदलेला आहे त्याची यादीत नोंदच नाही. पण सिस्टम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स या दोन जास्तीच्या नोंदी आहेत. युनिक्सच्या जगातही पुढे जास्तीच्या नोंदींची सोय आली, तिला पॉसिक्स एसीएल म्हणतात, आणि तिचा नियम असा की जास्तीच्या नोंदी असल्या की मधला आकडा त्या सगळ्यांची कमाल मर्यादा दाखवतो. तो नियम तंतोतंत लावला तर उत्तर येतं ७७०. एसएसएच ते पाहून म्हणतं, गटालाही वाचता येतंय, किल्ली घेत नाही. प्रत्यक्षात तुमच्याशिवाय ती फाइल वाचू शकणारे दोघं कोण? विंडोजची स्वतःची सेवा-खाती आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. लिनक्सवरही रूट (सर्वाधिकारी खातं) सगळंच वाचतो, तिथे त्याला कुणी मोजत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या सिग्विन २.४.० ने परवानग्यांची सगळी हाताळणी नव्याने एका जागी बांधली, तेव्हा नेमकं हेच ठरवलं: जुन्या विंडोज यादीतून ही मर्यादा काढताना सिस्टम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स यांना हिशोबात धरायचं नाही. ज्यांना अडवताच येत नाही त्यांना मोजून उपयोग काय? मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं विंडोजवरचं ओपनएसएसएचही किल्ली तपासताना मालकासोबत या दोघांना सूट देतं. मला वाटतं परवानग्या 'सोप्या' करण्याचा खरा नमुना हाच आहे. जास्त अचूक सूत्र शोधत बसण्यापेक्षा कोणती माहिती दाखवण्याची गरजच नाही ते ठरवणं.

अशीच एक छाटणी त्याच वर्षी, थोडी आधी झाली. युनिक्सला वापरकर्ता म्हणजे एक आकडा हवा असतो. विंडोजमध्ये प्रत्येक खात्याला एसआयडी नावाची लांबलचक ओळख असते. सिग्विनमध्ये पूर्वी या दोघांचं जुळवाजुळवीचं कोष्टक पासवर्ड आणि ग्रुप नावाच्या फाइलींमध्ये ठेवत; त्या फाइली कमांडने तयार करायच्या आणि नवा माणूस कंपनीत आला की पुन्हा तयार करायच्या. लोक ते करायचं विसरत आणि मालकाच्या जागी भलतंच काहीतरी दिसे. २०१५ च्या १.७.३४ आवृत्तीपासून कोष्टकाची गरजच उरली नाही. आकडा सरळ एसआयडीवरून गणिताने निघतो: स्थानिक खात्याच्या ओळखीचा शेवटचा भाग घ्यायचा आणि त्यात १,९६,६०८ मिळवायचे. शेवटचा भाग १००१ असेल तर १,९७,६०९. गिट बॅशमध्ये एलएस केल्यावर गटाच्या जागी १९७१२१ असा विचित्र आकडा दिसून तुम्ही कधी चक्रावला असाल, तर तोही असाच आला आहे: १,९६,६०८ अधिक ५१३. विंडोजवर ५१३ हा एका ठरलेल्या गटाचा क्रमांक आहे.

कोष्टक गेलं, की कोष्टक शिळं होण्याचा प्रश्नही गेला. तरी एक विचित्र गोष्ट शिल्लक राहतेच: विंडोजमध्ये फाइलची मालकी गटाकडेही असू शकते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गट मालक असलेल्या फाइली विंडोजच्या मशीनवर सहज सापडतात. युनिक्सला 'मालक हा गट आहे' हे वाक्यच कळत नाही, म्हणून थराला त्या एकाच ओळखीचा वापरकर्ता म्हणूनही आकडा द्यावा लागतो आणि गट म्हणूनही.

तीन वाटा

मधल्या थरासमोर साधारण तीन वाटा असतात, आणि तिन्ही वापरात आहेत.

पहिली, खोटं पण सोयीचं. थर विंडोजच्या यादीकडे बघतच नाही. फाइलवर रीड-ओन्लीची खूण आहे का, एवढंच पाहतो आणि एखादा ठरलेला मोड दाखवतो. फाइल चालवण्याजोगी आहे का, हे नावाच्या शेवटी ईएक्सई आहे का किंवा आतली पहिली दोन अक्षरं शेबँगची (स्क्रिप्टच्या सुरुवातीला येणारी #! ही खूण) आहेत का यावरून ठरवतो. सिग्विनमध्ये याला नोएसीएल म्हणतात. एमसिस२ आणि गिट बॅश मूळचेच या वाटेने जातात. सीएचमॉड केलं की बहुतेकदा काहीच होत नाही आणि एररही येत नाही. हा गप्पपणा चीड आणणारा आहे, पण त्याला कारण आहे. टार (फाइलींचं गाठोडं) उलगडताना, मेक इन्स्टॉलने प्रोग्राम बसवताना, फाइली परवानग्यांसकट कॉपी करताना शेकडो वेळा सीएचमॉड होतं. प्रत्येक वेळी 'जमत नाही' म्हटलं तर निम्मे प्रोग्राम मधेच बंद पडतील. विंडोजवर पायथॉनचं सीएचमॉडही असंच, फक्त रीड-ओन्लीची खूण लावतं किंवा काढतं.

या वाटेची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागते. शेबँग पाहायला प्रत्येक फाइल उघडावी लागते. हजारो फाइलींच्या फोल्डरात एलएस केलं की प्रत्येक फाइल उघडली जाते आणि प्रत्येक उघडणीवर अँटिव्हायरस डोकं वर काढतो. म्हणून सिग्विनमध्ये एखाद्या ड्राइव्हवरचं सगळंच चालवण्याजोगं समजायला सांगायची सोय आहे. आणखी खोटं, पण जलद.

दुसरी वाट, बाजूला वही ठेवणं. २०१८ पासून डब्ल्यूएसएलमध्ये मेटाडेटा नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की युनिक्सचा मालक, गट आणि मोड एनटीएफएसच्या विस्तारित गुणधर्मांत, एलएक्सयूआयडी, एलएक्सजीआयडी, एलएक्समॉड अशा नावांनी फाइलसोबत लिहिले जातात. सीएचमॉड ६०० केलं की ६०० च दिसतं, एसएसएच समाधानी. पण या वहीतल्या मजकुराला विंडोज ओळखत नाही. विंडोजमधून कुणाला ती फाइल वाचता येईल हे अजूनही एसीएलच ठरवते, आणि विंडोज ज्याला नाही म्हणतं त्याला वहीत ७७७ लिहूनही आत जाता येत नाही. एखाद्या विंडोज एडिटरने सेव्ह करताना जुनी फाइल काढून नवी ठेवली, की वही पुसली जाते आणि मोड मूळपदावर येतो. ज्यांना 'काल तर चालत होतं' असा अनुभव येतो त्यांनी हे आधी तपासावं.

सुरुवातीचं कोडंही इथे सुटतं. डब्ल्यूएसएलमध्ये सी ड्राइव्ह एमएनटी फोल्डरखाली दिसतो आणि मेटाडेटा बंद असेल तर तिथे सीएचमॉडला लिहायला जागाच नसते. सगळे लेखनाचे बिट काढलेत तर तेवढी रीड-ओन्लीची खूण लागते. होम, म्हणजे लिनक्समधला तुमचा स्वतःचा फोल्डर, मात्र सी ड्राइव्हवरच्या साध्या फाइलींमध्ये नसतो. डब्ल्यूएसएल२ मध्ये तो एका आभासी डिस्कमधल्या ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-व्यवस्थेवर, खऱ्या लिनक्स कर्नलच्या ताब्यात असतो. तिथे सीएचमॉड हे सीएचमॉडच असतं. दादाचा उपाय म्हणून चालतो.

तिसरी वाट खऱ्या भाषांतराची: नऊ बिट्स एसीएलमध्ये लिहायचे आणि एसीएलमधून परत वाचायचे. सिग्विन मूळचं असंच करतं. गुणांच्या फाइलची सगळी कसरत या वाटेवरची. ज्या गोष्टींना एसीएलमध्ये जागा नाही, उदाहरणार्थ ते खास बिट्स आणि मर्यादेचा आकडा, त्या सिग्विन एका युक्तीने लपवतं: कुणालाच लागू न होणाऱ्या, 'नल' ओळखीच्या नावाने मनाईची एक नोंद घालून तिच्यात ते बिट्स ठेवतं. विंडोजला वाटतं ही कुणासाठीच नसलेली मनाई आहे, सिग्विनला ती आपली टिपणवही वाटते. चतुर आहे, मान्य. पण सुरक्षेच्या टॅबमध्ये ती नोंद पाहिली की सिस्टम अ‍ॅडमिनचा पारा चढतो आणि तो ती काढून टाकतो, हेही तितकंच खरं.

गुंता नेमका कुठे होतो

या तिन्हींपैकी कुठलीही निवडा, थर लिहिणाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. आत कुणाला सोडायचं हे कोण ठरवणार? विचारलं तर मोड काय दाखवायचा? आणि मोड बदलायला सांगितलं तर काय करायचं? अशा थराचा कोड जिथे वाचवत नाही, तिथे बहुधा हे तिन्ही प्रश्न एकाच फंक्शनमध्ये एकमेकांत अडकलेले असतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते वादातीत आहे: ठरवणार विंडोजचा कर्नल, दुसरं कुणी नाही. थराने स्वतः रखवालदारी करायची नाही. मोह मात्र तोच होतो. प्रोग्राम विचारतो, 'ही फाइल मला वाचता येईल का?' मोडचे बिट्स तर आत्ताच काढलेत, मालक कोण हे ठाऊक आहे, मग तुलना करून उत्तर देऊन टाकू. असं केलं की एकाच दाराला दोन रखवालदार होतात आणि दोघांच्या याद्या वेगळ्या असतात. गोळाबेरजेचे नऊ बिट्स म्हणतील हो, खरी यादी म्हणेल नाही. कधी उलट होईल, आणि उघडता येणारी फाइल प्रोग्राम उघडून बघणारच नाही. सिग्विन या प्रश्नासाठी मोडचं गणित न करता विंडोजच्याच तपासणी फंक्शनला यादी आणि वापरकर्त्याची ओळख देऊन उत्तर मागतं. कोड लहान होतो आणि उत्तर खरं मिळतं.

नेटवर्क ड्राइव्हवर तर याला पर्यायच नाही. ऑफिसच्या सामायिक ड्राइव्हवर शेवटचा शब्द सर्व्हरचा असतो. तुमच्या लॅपटॉपवर बसून त्याचं उत्तर आधीच काढू पाहणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. उघडून बघा, नाही म्हणालं तर तो एरर प्रोग्रामला द्या. तसंही 'विचारलं' आणि 'उघडलं' या दोन क्षणांमध्ये परवानगी बदलू शकते, त्यामुळे आधी विचारून मग उघडणारा प्रोग्राम लिनक्सवरही भरवशाचा नसतो.

एकदा निर्णय कर्नलकडे सोपवला की दुसरा प्रश्न हलका होतो. दाखवलेल्या मोडवर कुणाची सुरक्षा अवलंबून नसते. तो सारांश असतो. सारांशात थोडं सुटलं तर चालतं, फक्त सुटलेलं कोणत्या बाजूला झुकतं ते बघायचं. खरोखरचा तिसरा माणूस, समजा शेजारच्या टीमचा गट, यादीत असेल आणि थराने ६०० दाखवलं तर ते धोकादायक खोटं आहे, कारण एसएसएच त्यावर विश्वास ठेवतं. सिस्टमला वगळून ६०० दाखवलं तर काही बिघडत नाही.

मोडकडे बारकाईने बघणारे प्रोग्राम मोजकेच आहेत. एसएसएच त्यातलं सगळ्यात हट्टी. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस लिनक्सवर आपलं डेटा फोल्डर ७०० किंवा, अकराव्या आवृत्तीपासून, ७५० नसेल तर सुरूच होत नाही; विंडोजवर मात्र पासवर्डची फाइल वाचतानासुद्धा मोड न तपासता फोल्डर सुरक्षित आहे असं गृहीत धरतं. गिटला तर नऊपैकी एकाच बिटशी कर्तव्य असतं: फाइल चालवण्याजोगी की नाही. साध्या फाइलींसाठी त्याच्याकडे १००६४४ आणि १००७५५ अशा दोनच नोंदी असतात. थराने त्यात गोंधळ घातला की एक अक्षरही न बदलता शेकडो फाइली 'बदलल्या' म्हणून समोर येतात. म्हणून विंडोजवर गिटचा फाइलमोड पर्याय बंद ठेवलेला असतो.

तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे सीएचमॉड आल्यावर काय करायचं यावर, मतं फाटतात. माझं मत असं: एक सामान्य वापरकर्ता आणि त्याची स्वतःची मशीन असेल, तर नोएसीएल पुरे. घरच्या लॅपटॉपवर विंडोजचा वारसा जे देतो ते सहसा बरोबरच असतं. त्यावर नऊ बिट्सचं भाषांतर लादून फक्त वाकड्या क्रमाच्या याद्या तयार होतात, आणि मग त्याच फाइली दुसऱ्या विंडोज प्रोग्रामला उघडत नाहीत. खरं भाषांतर तिथेच चालू ठेवावं जिथे त्या मशीनवर खरोखर अनेक माणसं लॉग-इन करतात, किंवा सिग्विनमधूनच एसएसएचची सेवा चालवली जाते. पण मूळची निवड आणि गरजेची निवड नेहमी जुळत नाहीत. सुदैवाने सिग्विनमध्ये हे प्रत्येक ड्राइव्हसाठी वेगळं ठरवता येतं. ईटीसी फोल्डरातल्या एफएसटॅब फाइलमध्ये सिगड्राइव्हच्या ओळीत नोएसीएल हा शब्द घातला की सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फाइलींना सिग्विन हात लावत नाही, आणि सिग्विनच्या स्वतःच्या फोल्डरात खऱ्या परवानग्या चालू राहतात.

डब्ल्यूएसएल वापरणाऱ्यांनी प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होममध्ये ठेवावा. परवानग्या तर सुटतातच, वेगही चांगलाच वाढतो, कारण डब्ल्यूएसएल२ मधून सी ड्राइव्हकडे जाणारा रस्ता लांबचा आहे. तिथेच ठेवणं भाग असेल तर डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ फाइलच्या ऑटोमाउंट विभागात मेटाडेटा चालू करावा आणि डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावं. नुसती खिडकी बंद करून भागत नाही. गिट बॅशमध्ये एखादी स्क्रिप्ट चालवण्याजोगी म्हणून नोंदवायची असेल तर सीएचमॉडच्या नादी न लागता गिटच्याच अपडेट-इंडेक्स कमांडला तिचा सीएचमॉडचा पर्याय द्यावा. सर्व्हरवर क्लोन करणाऱ्याला ती बरोबर मिळते. आणि किल्ली विंडोजच्याच बाजूने वापरायची असेल तर तिथलं हत्यार आयकॅकल्स, म्हणजे एसीएल बदलायची विंडोजची कमांड: आधी वारसा तोडायचा, मग फक्त स्वतःला वाचनाची नोंद द्यायची.

राहता राहिला एक्स्प्लोररचा तो 'क्रम चुकला आहे, नीट लावू का' हा प्रश्न. सिग्विनने तयार केलेल्या फोल्डरवर तो दिसला तर नाही म्हणा आणि खिडकी बंद करा. यादी बघायची असेल तर सिग्विनमध्येच गेटफॅकल चालवा, बदलायची असेल तर सेटफॅकल. उत्साहाच्या भरात आधीच हो म्हणून बसला असाल आणि फाइल उघडत नसेल, तरी फाइल गेलेली नाही. मालकाला स्वतःच्या फाइलची यादी बदलण्याचा हक्क विंडोज सहसा कायम ठेवतं, त्यामुळे त्याच टर्मिनलमधून सीएचमॉड पुन्हा चालवलं की यादी नव्याने लिहिली जाते.